सांडू मिस्त्रीनं सुलटी केलेली टेकडी

सांडू मिस्त्री लादी लावण्याआधी पुसतो. ओल्या फडक्यानं, एकेक, सावकाश. मला सावकाश माणसांचा राग येतो. उस्मानपुऱ्यात आमच्या अभ्यासिकेची भिंत तो करत होता, तेव्हा दुसऱ्याच दिवशी मी म्हटलं, "सांडू, दगडाला आंघोळ घालायला बोलावलंय का तुला?"

"ओला केल्याबिगर बोलत नाय मॅडम तो," म्हणाला, आणि पुसत राहिला.

माणूस पंचावन्नचा, खुलताबादकडचा. शाळा सातवीत सुटली, त्यानंतर सगळा जन्म फरशी आणि भिंती. मोटारसायकलला मागं बादली बांधून येतो. ती बादली तो दुसऱ्या कुणाला वापरू देत नाही.

लाद्या राजस्थानातून आल्या होत्या, फिक्या तांबूस वाळूच्या दगडाच्या. आपला इकडचा दगड काळा, लाव्ह्याचा. या लाद्यांत मात्र तिरक्या रेघा होत्या, एकीला लागून एक, शेकडो. मी कॉलेजात तीस वर्षं भूगोल शिकवला. वाळूच्या टेकड्या फळ्यावर किती काढल्या असतील! आणि त्या भिंतीसमोर उभं राहून मला सुचलं एवढंच, की नक्षी छान आहे. सांडू मधली मोठी लादी लावत होता. मी म्हटलं, "उलटी फिरव, तशी शोभते."

"मॅडम, पण..."

"पण काय? फिरव."

कॉलेजातल्या बाईपुढं तो काय बोलणार? फिरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्या दारात. "मॅडम, जेवण गेलं नाय मला. ती टेकडी डोक्यावर उभी हाय."

"कसली टेकडी?"

त्यानं मला बांधकामावरच्या वाळूच्या ढिगापाशी नेलं. ढीग महिनाभर वाऱ्यात पडलेला. सांडूनं वर थोडं पाणी शिंपडलं आणि फावड्यानं सरळ काप घेतला. आत त्याच तिरक्या रेघा!

"हे बघा. वारा हिकडून येतो. वाळू माथ्यावरून पल्याड घरंगळती, थरावर थर. खाली थर असे झोळ देऊन जमिनीला टेकतात. माथा मात्र पुढचा वारा कापून नेतो, सुरीवानी. खाली झोळ, वर काप. दगडात बी तेच. तुमच्या लादीत झोळ वर गेला."

"हे तुला कुणी शिकवलं?"

"कोण शिकवणार? वाळूतच हात हायेत की रोज."

घरी येऊन जुनं पुस्तक काढलं. हुबेहूब तेच चित्र, खाली माझ्याच हातची लाल रेघ. कधीकाळी एक वाळवंट होतं. वाऱ्यानं कणाकणानं टेकडी रचली, ती गाडली गेली, दबली, कोट्यवधी वर्षांत दगड झाली. एवढं सगळं झालं तरी त्या वाऱ्याची वाट दगडात शाबूत राहिली. आणि मी तिला उस्मानपुऱ्यात आणून पालथी केली.

उद्घाटन तीन दिवसांवर. अभ्यासिकेचे अध्यक्ष तात्यासाहेब. सांडूची निम्मी कामं त्यांच्याच ओळखीतून येतात. लादी काढून सुलटी लावायची म्हटल्यावर ते भडकलेच.

"कुणाला कळणार हाय रे मिस्त्री? काढताना फुटली तर? पाव्हण्यांना भगदाड दाखवू? लादीला हात लावलास तर माझ्याकडं परत यायचं नाय, सांगून ठेवतो."

"चूक माझी आहे," मी म्हटलं.

"मॅडम, तुम्ही शिकलेल्या. तुम्ही तरी समजवा त्याला."

"शिकलेली होते म्हणून तर उलटी लागली."

सांडूनं आवाज चढवला नाही. "मला कळलंय ना तात्या. आता कसं सोडू?"

सिमेंट कच्चंच होतं. त्यानं छिन्नीनं कडा मोकळ्या केल्या, लादी हलली, आणि मधोमध तडकली. दोन तुकडे. तात्यासाहेब निघून गेले.

सांडूनं दोन्ही तुकडे पुसले, सुलटे लावले. सांध्यात रंग भर म्हटलं तर ऐकेना. "झाकलं तर रेघ तुटंल." खरंच, सांधा दिसतो, पण एकही रेघ तिथं अडखळत नाही.

उद्घाटन झालं. पाहुण्यांनी त्याच भिंतीपुढं फोटो काढले. कुणी काही विचारलं नाही. सांडू नवा शर्ट घालून शेवटच्या रांगेत, भाषणाकडं पाठ आणि भिंतीकडं तोंड करून.

पुढं दोन महिने तात्यासाहेबांचा निरोप नाही. सांडूनं वाळूजला कामगारांच्या खोल्यांतल्या न्हाण्यांच्या फरश्या घातल्या. मी दोन वेळा तात्यासाहेबांना फोन करून बोलले. ते "बघू" म्हणाले.

गेल्या आठवड्यात मात्र त्यांनी घरच्या ओट्याच्या दर्शनी बाजूला उरलेल्या लाद्या लावायला सांडूलाच बोलावलं. मीही गेले, कशा बसतात ते बघायला. तात्यासाहेब कमरेवर हात ठेवून उभे.

"मिस्त्री, वरची बाजू कोणती ते बघून लाव हां. घाई करू नको."

"अजून कोरडी हाय ती," सांडू म्हणाला. "फडकं तेवढं द्या हिकडं."

तात्यासाहेबांनी फडकं सांडूच्या बादलीत बुडवलं, पिळलं, आणि लादी स्वतःच पुसायला घेतली.