उत्तरतालिकेतली सात उत्तरं

"पहिले माझी गलती ऐका," असं म्हणत सर हाताचा खडू पँटला पुसायचे. लातूरच्या आमच्या क्लासमध्ये दर शनिवारी शिक्षकांची बैठक अशी सुरू व्हायची. प्रमुख माणूस सगळ्यांआधी स्वतःची चूक सांगतो, हे तुम्ही कुठे पाहिलंय? मी तरी पाहिलं नव्हतं.

भूकंपाला काही वर्षं झाली होती. गल्लोगल्ली क्लासेसचे बोर्ड लागत होते. आम्ही नऊ शिक्षक एकमेकांपासून नोट्स लपवायचो. फिजिक्सचे हे सर उदगीरचे. प्रमुख म्हणून आले आणि पहिल्याच शनिवारी म्हणाले, "काल एका पोरीला ओरडून खाली बसवलं. उत्तर तिचंच बरोबर होतं. आज वर्गात माफी मागून आलो. आता तुमचं?"

सगळे वह्या चाळू लागले. शेवटी बॉटनीचे गुरुजी म्हणाले, "माझी तर काहीच गलती न्हाई, सर."

"मग पुढच्या शनिवारी सुरुवात तुमची. लई अवघड काम हाय ते."

आम्ही हसलो. हळूहळू जिभा सुटल्या. केमिस्ट्रीवाल्यानं कबूल केलं, "सर, पोर्शनमध्ये मी लई मागं पडलो." आणि बॉटनीच्या गुरुजींनी आपले दोन तास त्याला देऊन टाकले.

ही सवय कुठून लागली, असं मी सरांना एकदा विचारलं. भूकंपानंतर किल्लारीकडच्या छावणीत ते निवाऱ्याचे पत्रे वाटण्यासाठी नावं लिहून घ्यायचे. एक घर यादीतून सुटलं. कळूनही लाजेपोटी ते गप्प राहिले, आणि ते घर दोन दिवस पत्र्याविना राहिलं. "तवापासून गलती पोटात ठेवत न्हाई," एवढंच म्हणाले.

पुढे एका चाचणीची उत्तरतालिका मी केली. सात उत्तरं चुकली. मुलांचे गुण गेले, पालक भांडायला आले. शनिवारी सर म्हणाले, "मी तपासली न्हाई. गलती माझी." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. तालिका कुणाची, हे आम्हा दोघांनाच माहीत होतं.

मग आम्ही नऊ जणांनी एकत्र जाऊन रविवारची सुटी मागितली. क्लासच्या मालकांना ही एकी खुपली. त्यांनी मला एकट्याला बोलावलं. "नांदेडला शाखा काढतोय. प्रमुख ठरायचाय. तुमचे सर शनिवारी काय काय कबूल करतात, तेवढं लिहून द्या."

मी लिहून दिलं. सुवाच्य अक्षरात. आमच्या चुका गाळल्या, फक्त सरांच्या ठेवल्या. उत्तरतालिकाही त्यांच्याच नावावर लिहिली.

मालकांनी तो कागद भर बैठकीत वाचला. "उत्तरतालिकेचा घोळ, तोही तुमचाच?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. ते थांबले होते. मी चहाच्या कपातली साय बोटानं बाजूला करत राहिलो.

"हाव. माझाच," सर म्हणाले.

सरांना क्लासमधून काढलं. ते गावी निघाले त्या दिवशी मी बसस्टँडवर पोचलो. सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो. उदगीरच्या गाडीत ते खिडकीशी बसले होते. मला पाहून त्यांनी शेजारची पिशवी मांडीवर घेतली.

"बसा, मास्तर. गाडी सुटायला टाईम हाय."

मी बसलो. दहा मिनिटं होती. मी त्यांना उदगीरला पाऊस कसा आहे, ते विचारलं. त्यांनी सगळं नीट सांगितलं. कंडक्टरनं घंटी मारली, तसा मी उतरलो.


पुढच्याच महिन्यात मी नांदेडला रुजू झालो.