बाबल मेस्त्रींची लाल रेघ

डिस्ट्रिब्युटर काढायच्या आधी त्याच्यावरची लाल रंगाची रेघ मी मळ समजून पॉलिशपेपरने घासून काढली. अगदी चकचकीत केली.

ज्यांना जुन्या गाड्यांतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो — इंजिनात ठिणगी नेमकी कधी पडायची, ते हा वाटीएवढा डबा ठरवतो. तो जरासा जरी इकडेतिकडे फिरला तरी गाडी रुसते. आमच्या गाडीतली त्याची जागा आमचे जुने मेकॅनिक बाबल मेस्त्री यांनी त्या रेघेने कायमची नेमून दिली होती. मेस्त्री दोन वर्षांपूर्वी वारले, त्यामुळे विचारायची सोय नव्हती... निदान तेव्हा मला तसं वाटत होतं.

वाचकांच्या गूढ अनुभवांचं हे सदर मी आजवर हसायला वाचत आलो. बाराच्या वेळेला विहिरीकडे जाऊ नको म्हटलं की मुद्दाम कळशी घेऊन जाणाऱ्यांतला मी. त्यात गणिताचा निवृत्त मास्तर. तेव्हा पुढचं लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय, पण लिहितो.

मालवणात समुद्राकडून दुसऱ्या आळीत आमचं घर, बाजूला पत्र्याची शेड, शेडमध्ये वडिलांची स्टिअरिंगला गिअर असलेली गाडी. शेजारी इनास. त्याच्या मुलीचं, रोझीचं, शनिवारी सकाळी नऊ वाजता चर्चमध्ये लग्न. इनासची बायको नवरी होऊन याच गाडीतून चर्चला गेली होती. ती आता नाही, म्हणून रोझीला दुसरी कुठलीच गाडी नको होती. मी शब्द दिला. वर "सर्व्हिसिंगपण मीच करतो" हेही बोलून बसलो.

गुरुवारी दिवसभर गाडीने सायलेन्सरमधून बार काढले. आळीतली कुत्री समुद्रावर राहायला गेली. संध्याकाळी कळलं, मी डबा चक्क अर्धा फेरा उलटा बसवला होता. शुक्रवारी सकाळी मेस्त्रींची रीत आठवली — पहिला प्लग काढायचा, भोकावर अंगठा ठेवून इंजिन हाताने फिरवायचं, वारा अंगठ्याला ढकलेल तो फेरा खरा. तसं केलं. गाडी सुरू झाली, पण एका बाजूला डबा फिरवला की खडखडे, दुसऱ्या बाजूला फिरवला की धापा टाके. अशा गाडीने चर्चची घाटी चढणं शक्य नव्हतं. ठिणगीची वेळ दाखवणारी टायमिंग लाइट आणली, तर तिच्या उजेडात बघायची पुलीवरची खूणच गंजून गेलेली. गॅरेजवाला पोरगा येऊन बघून गेला. म्हणाला, काका, हिला कॉम्प्युटर लावायचा कुठे?

मी हटलो नाही. केसाएवढा फिरव, ऐक, परत फिरव. रात्रीचे पावणेबारा वाजले. ओटीवरून माझी म्हातारी आत्या म्हणाली, बाबल्याक एक नारळ ठेव. मी ऐकलंच नाही असं दाखवलं. पण इनास घरी जाऊन नारळ घेऊन आला, बॉनेटच्या कडेला ठेवला आणि हात जोडून उभा राहिला.

"बा बाबल मेस्त्री म्हाराजा, ह्या मास्तरान तुझी रेघ पुसल्यान, ती चूक पदरात घे. आणि उद्या माझ्या चेडवाक घेवन ही गाडी चर्चची घाटी चढाक व्हयी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आत्या म्हणाली. मी काही म्हटलं नाही, असं मी सगळ्यांना सांगतो... म्हटलं होतं.

मग इंजिन चालू ठेवून, बोल्ट सैल करून मी पुन्हा डबा धरला. आणि तो माझ्या हातात फिरला.

आता नीट ऐका. बोल्ट सैल असला की डबा आपोआप फिरू शकतो, पण आतला दांडा ज्या दिशेला फिरतो त्याच दिशेला ओढला जातो. हा फिरला उलट. सावकाश, एखाद्याने माझ्या हातावर हात ठेवून फिरवावा तसा... आणि थांबला. इंजिनचा आवाज असा झाला की आत्या ओटीवरून उठून उभी राहिली. मी दचकून हात काढला. मग बोल्ट आवळायला वाकलो तर तो आधीच घट्ट. दहाचा पाना माझ्या मागच्या खिशात.

 इनासने छातीवर क्रूस काढला आणि शेडबाहेर जाऊन डोळे पुसले.

शनिवारी गाडी घाटी एका दमात चढली. मागच्या सीटवर रोझी आईचा फोटो मांडीवर घेऊन बसली होती.

त्यानंतर बोल्ट सैल करून मी तोच प्रयोग दहा वेळा केला. डबा दहाही वेळा दांड्याच्याच दिशेने ओढला गेला, एकदाही उलट नाही.  अकराव्यांदा पाना घेऊन शेडकडे निघालो, तशी आत्या ओटीवरून म्हणाली, "मेल्यार तरी त्या बाबल्याक जरा पडूक दी रे."