त्याचं शेवटचं लाइव्ह

"मुकी नाई व ते. मोबाईलसंग बोलते."

मावशी शेजारच्या काकूंना हळूच म्हणाली होती. पण अकोल्यातलं तिचं स्वयंपाकघर इतकं लहान की हळू बोललेलंही थेट माझ्या पोळपाटावर येऊन पडलं. मी मान खाली घालून उडदाची लाटी लाटत राहिले.

"मंग काय म्हन्ते मोबाईल?" काकूंनी विचारलं, आणि दोघी हसल्या.

मोबाईल मी पापडाच्या डब्याला टेकवून ठेवला होता. त्यात तो होता. गाणाऱ्या पाच जणांच्या एका कोरियन ग्रुपमधला सगळ्यात गप्प मुलगा. ग्रुप बंद होणार हे जाहीर झालं होतं आणि त्याचं हे शेवटचं लाइव्ह होतं.

बाकीचे चौघे लाइव्हमध्ये गायचे, एकमेकांची खोडी काढायचे. हा नूडल्स खायचा. एकदा तो कितीतरी वेळ नुसता बसून राहिला आणि मग म्हणाला, काय बोलावं सुचत नाही, पण तुम्ही थांबा. खाली इंग्रजीत ती ओळ उमटली तेव्हा मी अमरावतीत क्लासच्या जिन्यावर डबा उघडून एकटी बसले होते. न बोलणाऱ्या माणसाजवळ कुणी थांबतं, हे मला माहीतच नव्हतं. मी थांबले, ती थांबलेच.

प्रत्येक लाइव्हला कमेंट लिहायचे. आधी इंग्रजीत, मग शिकून शिकून कोरियनमध्ये. तो कमेंट वाचून दाखवायचा, पण दुसऱ्यांच्या. माझी कधीच नाही. आज एकदा वाचावी, एवढंच हवं होतं. आज नाही तर मग नाहीच.

इंग्रजी शाळेत मराठी बोललं की वर्गाबाहेर उभं करायचे. घरी आईबाबा माझ्याशी पुस्तकातलं मराठी बोलायचे आणि आपसात वऱ्हाडी. ती मला सगळी कळते. बोलायला गेले तर कुणाची नक्कल केल्यासारखी वाटेल, म्हणून कधी बोलले नाही. इंग्रजी बोलले की इथे सगळे माझ्याकडे बघतात. उरलं काय, तर मोबाईलच्या तळाशी ती कमेंटची पट्टी.

या शेवटच्या लाइव्हमध्येही तो फारसा बोलला नाही. शेवटी त्याने हात हलवला.

"काय म्हन्ते तो?" मावशी माझ्या मागे येऊन उभी होती.

"जातो म्हणतोय."

"घरून निंगताना जातो म्हन्ते का कोनी? येतो म्हनाव. सांग त्याले!"

"त्याच्या मायनं शिकवलं नसन, बाप्पा," काकू म्हणाल्या.

मावशीला खरंच वाटत होतं की मी सांगितलं तर त्याला ऐकू जाईल. मी बोटं ओढणीला पुसली. आधी इंग्रजीत लिहिलं. मी जातो म्हणू नकोस, मी येतो म्हण. वाचून पाहिलं तर त्या भाषेत या वाक्याला काही अर्थच नव्हता. कोरियनमध्येही नसता. सगळं पुसलं आणि तेलकट बोटांनी, चुकत चुकत, देवनागरीत लिहिलं: येतो म्हण.

लाल बदाम आणि रडके चेहरे धो धो वर चालले होते. त्यात ते दोन शब्द मला स्वतःलाही नीट दिसले नाहीत. तेवढ्यात तो पुढे वाकला, डोळे बारीक करून. वाचतोय, असं वाटलं मला. तो बंद करायचं बटण शोधत होता.

स्क्रीन काळी झाली. तिच्यात माझा चेहरा, गालावर पीठ.

"आइकलं का त्यानं?" मावशीने विचारलं. ती थट्टा करत नव्हती.

पोळपाटावरची लाटी कडेने सुकायला लागली होती. मी त्या काळ्या काचेकडे बघत, दोघींना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले,

"येतो म्हन ना रे. असा काहून जाऊन राह्यला?"