बोक्याची बाजू

आमच्याकडे केबल नवी होती. मिरकरवाड्याहून येणारी मासेवाली पडवीत टोपली उतरवायची आणि उंबऱ्यावर बसून मुलांबरोबर बोक्या-उंदराच्या पाठलागाचं कार्टून बघायची. बोका भिंतीवर आपटला, की पदर तोंडाला लावून गदगदा हसायची. डोळे टीव्हीवर असले, तरी हातातली काठी टोपलीभोवती घुटमळणाऱ्या आमच्या मांजरीला हाकलत असायची.

एकदा मी विचारलं, "मावशी, तुम्ही कुणाच्या बाजूच्या?"

"बोक्याच्या! उंदराला काय, बिळात शिरला की झाला. ह्या मेल्याला एकदा तरी गावूदे!"

जन्मभर मांजरं हाकललेली बाई हे बोलत होती.

उंदीर त्या दिवशीही निसटला. तिने काठी बाजूला ठेवली आणि टोपलीतला एक बांगडा आमच्या मांजरीपुढे टाकला.

"खा गो बाय. तिकडचा आजपण उपाशीच ऱ्हायला."