जावयाला नुसतं पाणी

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी माणसाला गोल्फचं वेड लागावं, हे आमच्या एव्हरशाईन सिटीतल्या बिल्डिंगमध्ये कोणालाच पटलं नाही. मलाही पटलं नव्हतं. ऑफिसातले एक साहेब निवृत्त होताना आपल्या सहा जुन्या काठ्या मला देऊन गेले. मी गच्चीवर एक फटका मारून पाहिला. चेंडू पाण्याच्या टाकीवर आपटून माझ्याच पायाशी परत आला आणि मी खुळावलो ते खुळावलोच. दुसऱ्या दिवशी सोसायटीने गच्चीला कुलूप लावलं.

मग सासुरवाडी कामी आली. नंदाखालला मेहुण्याची भातशेती आहे, कापणीनंतर पाऊस येईपर्यंत मोकळी. आम्ही दोघांनी तिथे रंगाचे पाच रिकामे डबे जमिनीत पुरले आणि प्रत्येक डब्याशेजारी सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचं निशाण उभं केलं. शेताच्या कडेने बायकोच्या चुलत्यांची घरं आहेत, एकेका डब्याला एकेक घर. माझ्या डोळ्यांना ते जगातलं सर्वात देखणं गोल्फचं मैदान होतं. मेहुण्याच्या डोळ्यांना ते शेतच होतं, पण खेळायचा मात्र तो माझ्यापेक्षा बरा.

चैत्रातल्या एका रविवारी तिसऱ्या डब्यापाशी मला एकाच्या जागी दोन निशाणं दिसली, आणि मी बांधावर बसलो तो आडवाच झालो. डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी कमी झालंय. तहान लागायची वाट बघू नका, दर डब्याला घोट घोट साधं पाणी प्या, चहा नको, गोड नको. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर अट घातली: पुन्हा चक्कर आली की काठ्या भंगारात. ही बाई बोलते ते करते. माझी व्यायामाची सायकल एका दुपारीत गेली होती. काठ्या गेल्या तर मी रविवारी काय करणार, या विचाराने मला आठवडाभर धड झोप लागली नाही.

पुढच्या रविवारी मेहुण्याशी सामना ठरला. बायको जातीने पहाऱ्याला आली. माझ्या पाठीला तिने दोन लिटरची बाटली अडकवली, आणि तेवढ्याने समाधान होईना म्हणून पाचही घरी फोन केले. माहेरी बोलताना तिची भाषा आपोआप बदलते. "हे आले का पानी द्या," एवढंच तिने पाच वेळा सांगितलं.

पहिल्या डब्यापाशी थोरल्या काकी पडवीत वाट बघत होत्या. हातात कोकम सरबताचा मोठा पेला. मी नम्रपणे म्हटलं, साधं पाणी द्या. काकींचा चेहरा पडला.

"जावयाला नुसतं पानी देऊ? लोक काय म्हनतील?"

प्यायलो. दुसऱ्या घरी शहाळं फोडून तयार होतं, वर मलई चमच्याने खायला लावली. तिसऱ्या घरी ताक, आणि एक पेला दिला तर शकुन चांगला नाही म्हणून दोन. चौथ्या घरी नको नको म्हणेपर्यंत दूध घालून चहा झाला होता, सोबत केळ्याची भजी. माझं पोट नगाऱ्यासारखं झालं. काठी फिरवली की आतलं सगळं एका बाजूला जायचं आणि चेंडू दुसऱ्या. मेहुणा म्हणाला, भावोजी, तुमच्या मागे चाललं की विहिरीत पोहरा सोडल्यासारखा आवाज येतो. मला हसू आवरेना, आणि हसलो की आणखी आवाज. बाटलीतल्या पाण्याला पोटात जागाच नव्हती, ती तशीच भरलेली पाठीवर लोंबत होती.

आणि तरी, देव कसा पावतो बघा, पाचव्या डब्यापाशी आलो तेव्हा आम्ही बरोबरीत होतो. मेहुण्याचा खेळ संपला होता. माझा चेंडू डब्यापासून दोन हातांवर. तो एका फटक्यात आत गेला की मी जिंकलो. चक्कर नाही, काही नाही, काठ्या वाचल्या. मी विजयाने बायकोकडे पाहिलं.

ती बांधावर बसली होती. छत्री बाजूला पडलेली, चेहरा पांढराफटक.

"काही नाही, जरा अंधारी आली," ती म्हणाली.

काठी कुठे टाकली मला आठवत नाही. बाटली उघडून तिच्या ओठांना लावली. घोट घोट, एकदम नाही, असं डॉक्टरांचं सगळं तिलाच ऐकवत होतो. काय प्यायलीस सकाळपासून, विचारलं. सकाळचा चहा. चार घरं झाली, चारही घरांनी माझ्यासाठी पेले धुतले, आणि तिला कोणी विचारलं नाही, कारण ती काय, घरचीच. त्यांचं सोडा. दोन लिटर पाणी पाठीवर घेऊन मी तिच्यासमोर मिरवत होतो, आणि मीही विचारलं नव्हतं. मला माझी इतकी लाज वाटली की मी तिथेच सांगून टाकलं, काठ्या उद्याच भंगारात देतो.

ती पीत राहिली. अर्धी बाटली झाल्यावर गालांवर रंग आला. पदराने तोंड पुसून ती म्हणाली, "आधी तो चेंडू आत घाला. आनि पुढच्या रविवारी दोन बाटल्या घ्या."

मी उठून काठी शोधली. फटका मारताना लक्ष तिच्याकडेच होतं, चेंडू डब्याला वळसा घालून सरळ केळीत गेला. मेहुणा जिंकला. ती बांधावर बसून खो-खो हसायला लागली. तेवढ्यात पाचव्या घरातून धाकट्या काकी लिंबाचं सरबत घेऊन लगबगीने माझ्याकडे आल्या. मी पेला घेतला आणि बायकोच्या हातात दिला. काकी बघतच राहिल्या. मग त्या आत गेल्या आणि माझ्यासाठी तांब्याभर नुसतं पाणी घेऊन आल्या.