मॉरीनच्या गाण्याला आईची दाद

मेलबर्नच्या लॉकडाऊनमधल्या एका रविवारी माझ्या आईने चक्क एका नामवंत ऑपेरा गायिकेचं गाणं मध्येच थांबवलं...

ही गायिका म्हणजे ग्लेन वेव्हर्लीतली आमची शेजारीण, मॉरीन. एके काळी हिच्या तिकिटांसाठी रांगा लागायच्या म्हणे. आम्हाला मात्र ती झाडाची लिंबं आणून देणारी हसरी आजीच ठाऊक!

त्या वर्षी तिचा निरोपाचा कार्यक्रम होता, तो रद्द झाला. फार लागलं तिला ते. मग तिनेच आसपासच्या घरांना सांगितलं, आपापल्या बॅकयार्डमध्ये बसा, मी माझ्या व्हरांड्यात गाते... आणि त्यानंतर गाणं बंद, कायमचं.

आई आमच्याकडे आली होती आणि विमानं बंद झाल्याने अडकली होती. सांगलीला बरीच वर्षं शास्त्रीय गाणं शिकलेली, पण इंग्रजीशी छत्तीसचा आकडा. मी तिला बजावून ठेवलं होतं, इथे गाणं संपेपर्यंत कोणी चकार शब्द काढत नाही.

मॉरीन गायला लागली. माइक नाही, काही नाही, तरी आवाज पार रस्त्यापर्यंत... उंच स्वर लागला आणि माझ्या अंगावर काटा आला. मग तोच स्वर ती हळूहळू बारीक करत गेली. इतका बारीक, की श्वास रोखून ऐकावं लागलं, पण जागचा जराही हलला नाही.

आणि आमच्या मातोश्री ओरडल्या, "वाऽऽ! क्या बात है!"

मॉरीन थांबली. मला कुठे तोंड लपवू असं झालं! "सॉरी, सॉरी" करत मी कुंपणाशी धावले आणि सांगितलं, आमच्याकडे एखादी जागा आवडली की तिथल्या तिथे दाद देतात गं...

"कुठली जागा आवडली तिला?" मॉरीनने विचारलं. मी विचारल्यावर आईने शब्द शोधलेच नाहीत. उघडा पंजा वर धरला आणि बोटं मिटत मिटत अलगद चिमटीपर्यंत आणली.

मॉरीन पायरीवर बसलीच. म्हणाली, "लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या माझ्या मोठ्या आवाजाला. हा बारीक स्वर साधायला अर्धं आयुष्य गेलं. तो कुणापर्यंत पोचतो का, हे मला कधी कळलंच नाही." तिने डोळे पुसले आणि तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून गायली. आई दाद देत राहिली, मीही थांबवलं नाही.

जाताना मॉरीन म्हणाली, "उद्या दुपारी आईला कुंपणाशी घेऊन ये, मेट. अजून बरंच गायचंय."

आता ती झूमवर नव्या मुलींना तो स्वर शिकवते. त्यांना म्हणते, एकमेकींचं आवडलं तर गाणं संपायची वाट बघू नका, अनम्यूट करा आणि ओरडा!

थँक यू, आई... मनातल्या मनात दिलेली दाद गाणाऱ्याला ऐकू जात नाही, हे मला तुझ्यामुळे कळलं.