निळा रंग आणि गुरुमूर्ती

जन्मापासून आंधळा असलेला गुरुमूर्ती चेन्नईतल्या अंबत्तूरच्या एका कारखान्यात एकोणीस वर्षं स्क्रू निवडत होता. बोटांना आटे लागले की माप कळायचं. पुढं त्या कामाला यंत्र आलं. मालकांनी त्याला काढलं नाही, फोनवर बसवायचं ठरवलं. अट एकच, इंग्रजी यायला हवं.

पाळी संपल्यावर कँटीनमध्ये रंजनी मॅडमचा वर्ग भरायचा. एके दिवशी त्यांनी नवा शब्द दिला, इन्टॅन्जिबल.

"ज्याला आकार नाही, जे हाताला लागत नाही ते," त्यांनी तमिळमध्ये समजावलं. "उदाहरणं द्या."

कुणी प्रेम म्हणालं, कुणी विश्वास, कुणी आवाज.

"आवाज हाताला लागतो की, मॅडम," गुरुमूर्ती म्हणाला. "आई गाताना मी तिच्या गळ्यावर हात ठेवायचो."

"मग तुम्ही सांगा."

"निळा रंग."

बाकांवर चुळबुळ झाली. आपण काही चुकीचं बोललो की काय, असं त्याला वाटलं.

"चूक नाही," मॅडम सावकाश म्हणाल्या. "मी असा विचारच केला नव्हता."

महिन्याच्या अखेरीस परीक्षा झाली. बोलणाऱ्या कॉम्प्युटरवर त्यानं त्या शब्दाचं वाक्य टाइप केलं, 'निळा रंग इन्टॅन्जिबल आहे. माझी बायको म्हणते तिची साडी निळी आहे आणि माझा तिच्यावर विश्वास आहे.' मॅडमनी ते वर्गात वाचून दाखवलं. तो पास झाला, फोनची जागाही पक्की झाली.

घरी आल्याआल्या त्यानं बायकोला, अंबुजाला, ते वाक्य तमिळमध्ये सांगितलं. तिनं चटकन कपाळावर हात मारून घेतला.

"काय झालं?"

"अय्यो, ती साडी हिरवी आहे हो! टी. नगरच्या दुकानातल्या दिव्यांत मला निळी दिसली. घरी आणून उन्हात धरली तर हिरवी. निळी म्हटल्यावर तुम्ही इतके खूश झाला होता, मग सांगितलंच नाही."

"म्हणजे तुझ्याही हाताला धड लागला नाही तो रंग!"

अंबुजाला हसू आवरेना. गुरुमूर्ती खुर्चीत बसला आणि तोही पोट धरून हसू लागला. मॅडमना हे कळवायचं की नाही, यावर जेवण होईपर्यंत दोघांचं एकमत झालं नाही.